विमान नेमकं कशाला म्हणायचं?

वातकुक्कुट

विमानांविषयी मराठीत जे काही छापून येतं ते मी आवडीने वाचतो, आणि त्यात एक गोष्ट सतत खटकते. ग्लायडर (पंखांवर तरंगणारं बिनइंजिनाचं यान) असो, मानवरहित यान असो, एअरशिप (हलक्या वायूने भरलेलं, इंजिनाने चालणारं यान) असो, सगळ्यांना सरसकट ‘विमान’ म्हटलं जातं. हेलिकॉप्टरला वेगळं नाव मिळालं म्हणून ते बचावलं, तरी ‘हेलिकॉप्टरसह सर्व विमानं’ अशी वाक्यं वाचायला मिळतातच. यात बिघडलं काय, असं कुणीही विचारेल. माझ्या मते बरंच बिघडतं. एखादं यान हवेत कशाच्या आधारावर टिकतं ते कळलं, की ते कसं उडतं, कसं उतरतं आणि इंजिन बंद पडल्यावर त्याचं काय होतं, हे सगळं त्यातच कळतं. सगळ्यांना एकच नाव दिलं की नेमका हा आधारच नजरेआड होतो.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची व्याख्या मला फार आवडते. मराठीत ती साधारण अशी मांडता येईल: विमान म्हणजे शक्तीवर चालणारं, हवेपेक्षा जड असं यान, ज्याला उड्डाणात लागणारी लिफ्ट (वर उचलून धरणारं बल) मुख्यतः अशा पृष्ठभागांवर होणाऱ्या हवेच्या प्रतिक्रियेतून मिळते, जे उड्डाणाच्या त्या त्या स्थितीत स्थिर असतात.

वाचायला रुक्ष आहे, पण यातला एकही शब्द फुकटचा नाही. ‘हवेपेक्षा जड’ म्हटलं की बलून आणि एअरशिप बाहेर, कारण त्यांना आर्किमिडीजचं तत्त्व तोलून धरतं, म्हणजे आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलका असल्याने ते वर राहतात. ‘शक्तीवर चालणारं’ म्हटलं की ग्लायडर बाहेर. ‘स्थिर पृष्ठभाग’ म्हटलं की हेलिकॉप्टर बाहेर, त्याचे पंख फिरतात. ‘हवेची प्रतिक्रिया’ म्हटलं की रॉकेट बाहेर, ते निर्वातातही चालतं.

राइट बंधूंचं श्रेय नेमकं कशाचं, तेही यातून उलगडतं. माणूस पहिल्यांदा हवेत गेला तो त्यांच्याबरोबर नव्हे. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिसमध्ये माँगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या बलूनमधून दोन माणसं मुक्तपणे उडाली होती. हवेपेक्षा जड यानातून उडणंही नवीन नव्हतं, जर्मनीत ओटो लिलिएंटाल १८९१पासून ग्लायडरने टेकड्यांवरून झेपा घेत होता आणि १८९६मध्ये त्यातच त्याचा जीव गेला. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी जमवलं ते हे: हवेपेक्षा जड, स्वतःच्या इंजिनाचं आणि वैमानिकाच्या ताब्यात असलेलं यान. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्याच दिवसाचं चौथं ५९ सेकंदांचं, ८५२ फुटांचं. यातली एकेक अट काढून टाकली, तर पहिलेपणाचा मान दुसऱ्या कुणाकडे जातो.

म्हणून माझं म्हणणं असं, की ‘विमान’ हा शब्द स्थिर पंखांच्या आणि इंजिनाच्या यानासाठीच राखावा. बाकी सगळ्यांना कवेत घेणारा शब्द म्हणून ‘वायुयान’ किंवा ‘हवाई यान’ वापरावा. तुम्हाला काय वाटतं?

मोरपीस

छान धागा. वाचतेय.

शंखपुष्पी

विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून सविस्तर लिहिते. ‘विमान’ या शब्दाला कुठल्याही एका यंत्राशी बांधणं तितकं सोपं नाही, कारण तो यंत्रांच्या फार आधीपासून आपल्याकडे आहे. ‘वि’ उपसर्ग आणि ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या हिरण्यगर्भ सूक्तात ‘यो अन्तरिक्षे रजसो विमानः’ असं येतं. तिथे विमान म्हणजे अंतराळ मोजणारा, व्यापणारा. उडणारं वाहन तिथे नाहीच.

पुढे रामायणात पुष्पक येतं. ते कुबेराचं, रावणाने हिरावलेलं आणि शेवटी रामाला अयोध्येला आणणारं. अमरकोशात ‘व्योमयानं विमानोऽस्त्री’ अशी नोंद आहे, म्हणजे आकाशातलं वाहन हा अर्थ तोवर रुळला होता. त्याच काळाच्या ओघात हा शब्द इमारतींकडेही गेला. दक्षिणेतल्या मंदिरस्थापत्यात गर्भगृहावरच्या बांधणीला आजही विमान म्हणतात. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचं विमान साठ मीटरहून उंच आहे, ते राजराज चोळाच्या काळात, इ. स. १०१०च्या सुमारास पूर्ण झालं. आणि आपल्याकडे तुकोबांना न्यायला आलेलं विमान चित्रांत गरुडाच्या आकाराचं काढतात.

या सगळ्यांत समान काय, तर उंची आणि दिव्यत्व. कशाच्या आधारावर टिकतं हा प्रश्न या शब्दाने कधी विचारलाच नाही. त्यामुळे वातकुक्कुट म्हणतात तो अर्थ शब्दाला आपण विसाव्या शतकात दिलेला आहे. द्यायला हरकत नाही, पण ‘खरा अर्थ’ म्हणून तो मांडता येणार नाही.

गंमत म्हणजे युरोपातही हेच झालं. ‘एरोप्लेन’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात पुष्कळ लिखाणात फक्त पंखाच्या सपाट पृष्ठभागासाठी वापरला जायचा. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस वेनहॅमच्या १८६६च्या निबंधातही तो त्या अर्थाने सापडतो. एका यंत्राला दोनतीन ‘एरोप्लेन’ असू शकत. भागाचं नाव पुढे सबंध यंत्राला चिकटलं. फ्रेंचांनी तर नंतर तो शब्द सोडूनच दिला. त्यांचा ‘आव्हियाँ’ क्लेमाँ आदेरने लॅटिनमधल्या पक्ष्यावरून घडवला.

वातकुक्कुट

@शंखपुष्पी, ‘रजसो विमानः’ माहीत नव्हतं, फार आवडलं. ‘खरा अर्थ’ असा माझा दावा नाही. आज यंत्रांबद्दल बोलताना काटेकोर काय असावं एवढंच म्हणतोय. आणि तुमच्या वेनहॅमच्या उदाहरणाने मला बळच मिळालं. तिथे शब्द पंखावरून आला, म्हणजे त्यांच्या लेखी पंख हाच यंत्राचा गाभा होता.

रानवारा

एक शंका. इंजिन नसेल तर ते विमान नाही, असं तुम्ही म्हणता. मग चालू प्रवासात सगळी इंजिनं बंद पडली तर त्या क्षणी विमानाचं ग्लायडर होतं का? आणि मग ते खाली पडत नाही का? मला तर नेहमी वाटतं की इंजिनच विमानाला वर धरून ठेवतं.

वातकुक्कुट

हाच प्रश्न यावा अशी इच्छा होती, कारण माझ्या म्हणण्याचं मर्म इथेच आहे.

इंजिन विमानाला वर धरत नाही. इंजिन पुढे ढकलतं, वर धरतो तो पंख. इंजिन बंद पडलं तरी पंख जागच्या जागी असतो, आणि त्याला फक्त वेग हवा असतो. तो वेग वैमानिक उंची खर्च करून मिळवतो. नाक किंचित खाली घेतलं की विमान उतरत उतरत पुढे जात राहतं. मोठ्या प्रवासी विमानाचं हे प्रमाण साधारण १५ ते २०ला १ असतं. म्हणजे एक किलोमीटर खाली येताना ते पंधरा ते वीस किलोमीटर पुढे जातं. दहा किलोमीटर उंचीवर सगळं बंद पडलं, तरी दीडशे किलोमीटरच्या आसपासचा पल्ला हातात उरतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७चं इंधन ४१,००० फुटांवर असताना संपलं. इंधन भरताना किलोग्रॅम आणि पौंड यांची गल्लत झाली होती. दोन्ही इंजिनं गेली, वैमानिकांसमोरचे माहिती दाखवणारे बरेचसे पडदे काळे झाले. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा अनुभव होता. गिमली इथल्या वायुदलाच्या जुन्या धावपट्टीपाशी पोचले तेव्हा विमान फार उंच होतं, आणि वेग न वाढवता उंची कमी करायला हवी होती. तेव्हा त्यांनी ग्लायडरवाले करतात तसं केलं. एक पंख खाली झुकवला, सुकाणू उलट दिशेला दाबलं आणि विमान तिरपं करून हवेला अंग देत खाली आणलं. त्या पट्टीवर तेव्हा मोटारशर्यतींचा कार्यक्रम होता, माणसं होती. विमानातले ६९ जण आणि खालचे लोक, सगळे वाचले.

२००१मध्ये एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए३३० अटलांटिक महासागरावर इंधनगळतीने असंच रिकामं झालं आणि सुमारे १९ मिनिटं बिनइंजिनाचं तरंगत येऊन अझोर्स बेटांवर उतरलं. २००९मध्ये न्यूयॉर्कजवळ पक्षी शिरून इंजिनं गेलेलं विमान हडसन नदीवर उतरवलं, १५५च्या १५५ जण वाचले.

त्या क्षणी ते ग्लायडर झालं का? उडण्याच्या रीतीने झालं, वर्गाने नाही. वर्ग यानाच्या रचनेवरून ठरतो. ‘इंजिन बंद म्हणजे दगडासारखं खाली’ ही भीती अनेकांना असते. पंख कशासाठी आहे हे शब्दातूनच कळलं असतं तर ती इतकी पसरली नसती, असं मला मनापासून वाटतं.

यंत्रवेडा

विमानांच्या देखभालीच्या कामात आहे, म्हणून पंखाबद्दल थोडी भर घालतो.

शाळेत शिकवलेलं एक स्पष्टीकरण डोक्यातून काढून टाका. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला जास्त अंतर, म्हणून ती धावत जाऊन खालच्या हवेला त्याच वेळी गाठते, म्हणून दाब कमी. दोन्हीकडच्या हवेने एकाच वेळी मागच्या कडेला पोचावं असा कुठलाही नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधीच पोचते. वरच्या बाजूला दाब कमी असतो आणि वेग जास्त असतो हे खरं, पण कारण ते नाही. पंख हवेला वळवून खाली ढकलतो आणि हवा पंखाला वर ढकलते. दाबाचा फरक ही त्याच घटनेची दुसरी बाजू. चालत्या गाडीच्या खिडकीबाहेर हात सपाट धरून पुढची कड जरा वर केली की हात उचलला जातो, तळहाताला कुठला फुगीर आकार असतो? कसरतीची विमानं उलटीही उडतात.

पुढची कड किती वर करायची यालाही मर्यादा आहे. साधारण १५ अंशांच्या आसपास वरच्या बाजूची हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते, आणि लिफ्ट एकदम घसरते. याला स्टॉल म्हणतात. बातम्यांत ‘विमान स्टॉल झालं’ वाचून लोकांना इंजिन बंद पडलं असं वाटतं. इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही, दोन्ही इंजिनं पूर्ण ताकदीवर असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. वातकुक्कुट, तुमच्या यादीत हाही शब्द घ्या.

पुढच्या वेळी पंखामागची खिडकी मिळाली तर उतरताना बाहेर बघत बसा, फोन बाजूला ठेवून. आधी पंखाच्या मागच्या कडेतून फ्लॅप टप्प्याटप्प्याने मागे सरकतात आणि मग खाली वाकतात. पुढच्या कडेला स्लॅट बाहेर येतात, त्यांच्यामागे फट दिसते. पंख तोच, पण आता तो रुंद आणि बाकदार झालेला असतो. लिफ्ट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, वेग निम्मा केला तर ती पाव होते. ही तूट भरून काढायला हा सगळा खटाटोप. चाकं टेकली की लगेच पंखाच्या पाठीवरच्या फळ्या ताडकन उभ्या राहतात. त्या स्पॉयलर. हवेला अडवतात हे खरं, पण त्यांचं मोठं काम लिफ्ट मारण्याचं. त्या उभ्या राहिल्या की वजन पंखावरून चाकांवर येतं आणि मगच ब्रेक नीट पकडतात. मला अजूनही तो क्षण बघायला आवडतो, पंखाचं काम तिथे संपतं.

मोरपीस

@यंत्रवेडा, फळ्या का उभ्या राहतात हे इतके दिवस कळत नव्हतं. आता उतरताना डोळे मिटून बसणार नाही. पण मग हेलिकॉप्टरचं काय? त्याला तर असे पंखच नाहीत. इंजिन गेलं तर?

यंत्रवेडा

पंख आहेत, फिरणारे आहेत इतकंच. वरचं प्रत्येक पातं हा एक लांब अरुंद पंखच. इंजिन गेलं की वैमानिक पात्यांचा कोन ताबडतोब कमी करतो आणि हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं. मग खालून वर येणारी हवाच पात्यांना फिरवत ठेवते. जमिनीजवळ आल्यावर त्या फिरण्यात साठलेली ऊर्जा कोन वाढवून एकदम वापरायची आणि हळू टेकायचं. याला ऑटोरोटेशन म्हणतात, हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना ते शिकावंच लागतं. पण विमानाइतका लांबचा पल्ला मिळत नाही आणि विचार करायला वेळही फार थोडा असतो.

स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हाने याच तत्त्वावर ऑटोजायरो बनवलं, ते जानेवारी १९२३मध्ये उडालं. त्यात वरच्या पात्यांना इंजिन जोडलेलंच नसतं, पुढे पंखा आणि वर मोकळी फिरणारी पाती. त्याला विमान म्हणायचं की हेलिकॉप्टर? दोन्ही नाही.

तळटीप

मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे या धाग्यावर माझा विरोध नोंदवते.

वातकुक्कुट यांचा भेद तांत्रिक लेखनात पाळायला मी तयार आहे. पण रोजच्या भाषेत ‘विमान’ व्यापकच राहणार, कारण जोडशब्द आधीच व्यापक झालेत. ‘विमानतळ’ म्हटलं की तिथून हेलिकॉप्टरही उडतात. ‘विमान वाहतूक’ म्हटलं की त्यात ग्लायडर आणि बलूनचे नियमही येतात. ‘वैमानिक’ हेलिकॉप्टरचाही असतो, वर यंत्रवेडा यांनीच तसं लिहिलंय. मूळ शब्द अरुंद आणि त्यावरून झालेले शब्द रुंद, अशी भाषा चालवायची कशी?

कायद्याचं म्हणाल तर भारतात १९३४च्या कायद्यातली एअरक्राफ्टची व्याख्या इतकी रुंद होती की तिच्यात बलून, एअरशिप, ग्लायडर यांच्या जोडीला पतंगही होता. होय, दोरीवरचा पतंग. त्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ने घेतली आहे. नावात ‘वायुयान’ आलं हे मला आवडलं, पण तो शब्द बोलण्यात कुणी वापरताना ऐकलेला नाही.

वातकुक्कुट

@तळटीप, जोडशब्दांचा मुद्दा वजनदार आहे, त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ‘वैमानिक’ आणि ‘विमानतळ’ बदला असं मी म्हणणारही नाही. पण जोडशब्द रुंद झाला म्हणून मूळ शब्दाची धार बोथट होऊ द्यावी का? ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला आणि आपण शेंगदाण्याचंही तेल म्हणतो, तरी ‘तीळ’ म्हणजे तीळच राहिला.

पतंगाचा उल्लेख मात्र सुरेख. पतंग हवेपेक्षा जड आहे, त्याचा पृष्ठभाग स्थिर आहे, आणि तो हवेच्या प्रतिक्रियेवरच टिकतो. विमान व्हायला फक्त इंजिन कमी. इंजिनाचं काम वारा आणि दोरीचा ताण मिळून करतात.

रानवारा

अवांतर होईल, पण विचारतो. प्राचीन विमानांचं शास्त्र असलेला संस्कृत ग्रंथ आहे म्हणतात. त्यात कशा प्रकारची यानं आहेत?

शंखपुष्पी

तुम्ही वैमानिक शास्त्राबद्दल विचारताय. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४मध्ये त्याची नीट छाननी केली. त्यांचा निष्कर्ष असा की ही रचना १९०४च्या आधीची असू शकत नाही, आणि त्यातली याने वर्णन केल्याप्रमाणे उडू शकणार नाहीत. मला संस्कृतचं अतोनात प्रेम आहे, आणि म्हणूनच हे स्पष्ट लिहिते. पुष्पकाचं वर्णन काव्य म्हणून वाचावं, ते तसंच सुंदर आहे.

यंत्रवेडा

सीमेवरची उदाहरणं घेतल्याशिवाय व्याख्येची परीक्षा होत नाही, म्हणून तीन देतो. व्ही-२२ ऑस्प्रे: पाती वर करून हेलिकॉप्टरसारखं उठतं, मग तीच पुढे वळवून पंखांवर उडतं. मिग-२३: पंख आहेत, पण उडताना पुढेमागे होतात. तिसरं सोव्हिएत एक्रानोप्लान, १९६६मध्ये कॅस्पियन समुद्रावर उडालेलं दहा जेट इंजिनांचं अजस्र यान. ते पाण्यापासून काही मीटरांवरच उडायचं, पंख आणि पाणी यांच्यामध्ये दबलेल्या हवेच्या आधारावर.

वातकुक्कुट

मिग-२३ सोपं. व्याख्येत ‘त्या त्या स्थितीत स्थिर’ असं आहे ते अशांसाठीच. पंखाचा कोन बदलतो, पण लिफ्ट मिळवण्यासाठी तो फिरत किंवा फडफडत नाही. विमानच.

ऑस्प्रे कुठल्याच चौकटीत बसत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियमांत अशांसाठी वेगळाच वर्ग आहे, त्यांना विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये ओढूनताणून बसवलेलं नाही. मला हे प्रामाणिक वाटतं.

एक्रानोप्लान मात्र सगळ्यात रंजक. एअरक्राफ्टच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत पुढे एक शेपूट जोडलेलं आहे: हवेची प्रतिक्रिया हवी, पण पृथ्वीच्या पृष्ठभागावर आपटलेल्या हवेची नको. त्याने हॉवरक्राफ्ट (खाली हवा सोडून तिच्या गादीवर सरकणारं वाहन) बाहेर गेलं. एक्रानोप्लानला पंख आहेत, पण खालचा पृष्ठभाग काढून घेतला तर त्याचा खरा फायदा संपतो. म्हणून जे पृष्ठभागाचा आधार सोडून वर जाऊच शकत नाही, अशा यानांचा विचार आंतरराष्ट्रीय सागरी संघटना जहाजांबरोबर करते. पंख, शेपटी, जेट इंजिनं सगळं असून ते जहाज.

तळटीप

हे उदाहरण पटलं. दिसायला विमान आणि नियमाने जहाज, इथे शब्द जपून वापरायलाच हवा. माझा मूळ विरोध कायम ठेवून एक व्यावहारिक प्रश्न: ‘मानवरहित विमान’ चालेल का? माझ्यासमोर आत्ता तोच मजकूर आहे, आणि त्यात चार पंख्यांचा ड्रोनही आहे आणि लांब पंखांचा टेहळणी करणाराही.

वातकुक्कुट

लांब पंखांच्या टेहळणीच्या यानाला ‘मानवरहित विमान’ बिनधास्त लिहा, वैमानिक आत आहे की जमिनीवर, याने उडण्याची रीत बदलत नाही. चार पंख्यांच्या ड्रोनला नको, त्याला स्थिर पंखच नाही. त्यातला एक पंखा बंद पडला तर तो सहसा तरंगत येत नाही, कलंडतो. दोघांचा उल्लेख एकत्र असेल तिथे ‘मानवरहित यानं’ पुरेल. मजकुरात दोघांपैकी कुणाला धावपट्टी लागते असा उल्लेख आहे का, तेवढं बघून सांगा.